नीरोसमोरचं डोहाळजेवण

"फिट आली आहे तिला, दुसरं काही नाही. बाजूला व्हा," असं मी मोठ्याने म्हणाले आणि काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काकू जमिनीवर पडली होती. हिरवी साडी गुडघ्यापर्यंत वर गेली होती, कागदी फुलांचा गजरा मानेखाली चेंगरला होता, दातखीळ बसली होती आणि हातपाय झटके देत होते. तिच्या हातातलं ताकाचं भांडं गडगडत माझ्या पायाशी आलं होतं. पडायच्या आधी ती भांडं तोंडापासून लांब करून, माझ्याकडे बघत, सगळ्यांच्या देखत म्हणाली होती, "हिने काहीतरी घातलंय ताकात." ते ऐकलं नाही असं त्या हॉलमध्ये कोणी नव्हतं. लेलेवहिनी ओरडत होत्या, "कांदा आणा, कांदा फोडून नाकाला लावा." दुसरी कोणी चप्पल हुंगवायला सांगत होती. हॉलचा मालक सॅल भिंतीवरच्या फोनकडे धावला होता. आणि भिंतीलगत रोमचे बादशहा ओळीने उभे होते, प्लास्टरचे, छातीपर्यंतचे, पांढरेशुभ्र, बुबुळं नसलेले. काकू नेमकी नीरोच्या पुढ्यात पडली होती. मी तिला कुशीवर वळवलं, माझी ओढणी घडी करून डोक्याखाली सारली, आणि पुन्हा वर पाहिलं तर काका अजून माझ्याकडेच बघत होते. बायको पायाशी तडफडते आहे आणि माणूस पुतणीकडे बघतो आहे. काकूचं म्हणणं त्यांना पटलं आहे, एवढं मला त्या नजरेतून कळलं. आणखीही काहीतरी होतं. ते मला पुढे हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये कळलं.

मी चौथी पास. आई गेली तेव्हा शाळा सुटली ती सुटलीच. आमचं घर पेणचं, धंदा गणपतीचा. वर्षभर घरात शाडू, प्लास्टर आणि काथ्या. भाकरीवरसुद्धा पांढरी धूळ बसायची आणि आम्ही ती फुंकून खायचो. घरातल्या बायकांनी पॉलिशपेपरने मूर्तींचं घासकाम करायचं, पितांबराचे रंग भरायचे, मुकुटाला सोनेरी लावायचं. डोळ्यांची आखणी मात्र कारखान्याच्या मालकाची. ती सगळ्यात शेवटी व्हायची. बारीक ब्रश हातात घेतला की आजोबा कोणाशी बोलत नसत, आणि आम्ही पोरं आवाज न करता अंगणात जायचो. आजोबांनी म्हातारपणी तो ब्रश माझ्या वडलांना दिला, तेव्हा कारखाना कोणाचा हे सगळ्या पेणला कळलं, वेगळं सांगावं लागलं नाही. काका धाकटे. ते केमिस्ट्री शिकले आणि अमेरिकेला गेले. पार्सिपनीला औषधाच्या कंपनीत लागले, घर घेतलं. मूल झालं नाही. एकदा ते पेणला आले असताना मी मुकुटाचे मणी काढत होते. मागे उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि जेवताना वडलांना म्हणाले, "दादा, इंदूला मला दे. आमची मुलगी म्हणून राहील." वडलांनी आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, "ने." एवढंच दत्तकविधान. कागदावर काही करायचं तर माझं वय उलटून गेलं होतं. मी अमेरिकेला कशी आले, व्हिसाचं काय केलं, त्या भानगडी इथे लिहीत नाही.

पार्सिपनीचं घर उतरत्या रस्त्यावर होतं. खाली बेसमेंट, तिथे काकांचा कारखाना. मराठी मंडळाचा गणपती दरवर्षी काका करायचे. पहिला हिवाळा मी त्या बेसमेंटमध्येच काढला. बाहेर बर्फ, खाली घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची घरघर, कपडे वाळवायच्या मशीनचा धडधडाट आणि काकांच्या कॅसेट प्लेअरवर नाट्यगीतं. वर स्वयंपाक माझाच. पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम, रिकोटा चीज आटवून केलेले पेढे, भाकरीला पीठ नाही म्हणून तांदळाच्या पिठात मक्याचं पीठ घालून थापलेलं काहीतरी. काकू बँकेत नोकरीला होती. संध्याकाळी येऊन कोट काढायची आणि जिन्यावरून खाली ओरडायची, "काय चाललंय तुमचं दोघांचं? जेवायचंय का मी एकटीच जेवू?" काका म्हणायचे, "तू घे जेवून, हे प्लास्टर आत्ता सोडलं तर घट्ट होऊन वाया जाईल." मग वर खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. काकूचं जेवण आम्ही खालून ऐकायचो. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं.

बादशहा आले ते सॅलमुळे. मंडळाला गणपतीसाठी मोठा हॉल हवा होता. सॅल इटालियन, त्याचा लग्नांचा हॉल होता, आणि त्याला भिंतीलगत ठेवायला रोमचे बादशहा हवे होते. तो काकांना म्हणाला, तू मला बादशहा दे, मी तुला गणपतीचे दहा दिवस हॉल देतो. काकांनी लायब्ररीतून फोटोंची जाड पुस्तकं आणली आणि त्यांना रोमचं वेडच लागलं. मी घासकाम करायची आणि ते बोलायचे. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण फोटो बघता येत होते आणि कान होते.

"हा नर्व्हा," काका सांगायचे. "म्हातारा झाला, मूलबाळ नाही. मग काय केलं? सैन्यातला खणखणीत माणूस हेरला, म्हणाला, हा माझा मुलगा. तोच हा ट्रेजन."

"त्या माणसाला स्वतःचा बाप नव्हता?"

"होता की. पण तो बाप बादशहा नव्हता ना!" काका हसायचे. "ट्रेजनला पण मूल नाही. त्याच्यामागे हेड्रियन. हेड्रियनने अँटोनिनसला घेतलं, त्याने मार्कसला घेतलं. पोटचं कोणी नाही. सगळे पारखून घेतलेले. आणि रोमचे सगळ्यात चांगले दिवस ते हेच, इंदू. रस्ते, पूल, गोरगरिबांच्या पोरांना धान्य. ही मंडळी बघून ठेव."

हेड्रियनचं एक मात्र त्यांनी सांगितलं ते माझ्या मनात राहिलं. ट्रेजन मरायला टेकला होता. त्याने हेड्रियनला दत्तक घेतलं, असं त्याच्या बायकोने बाहेर येऊन सांगितलं. घेताना कोणी पाहिलं नव्हतं. लोक म्हणायचे, म्हातारा आधीच मेला होता, पडद्याआडून दुसराच कोणी क्षीण आवाजात बोलला. मी घासता घासता विचार करायची, माझंही कोणी पाहिलं नाही. वडील, काका आणि आमटी.

त्या वर्षीचा गणपती बसून विसर्जन झाल्यावर काका मला म्हणाले, "पुढच्या गणपतीचे डोळे तू करायचे." मी वर जाऊन भांडी घासली. पण आमच्या घरात त्या वाक्याचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं आणि काकांनाही माहीत होतं. मला त्यांनी पारखून घेतलं होतं. त्या हिवाळ्यात मी रद्दी पेपरवर रोज डोळे काढले. बघणारे, मिटत आलेले, हसरे.

मग काकूला फोडणीचा वास सहन होईना. तिला वाटलं, पाळी जायची वेळ आली. चाळिशी उलटली होती. डॉक्टरकडून दोघं आले तेव्हा काका गाडीतून उतरून तिच्या बाजूचं दार उघडायला धावले. मी खिडकीतून पाहिलं. इतक्या महिन्यांत त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. मला कोणी सांगायच्या आधी कळलं, आणि मला जे वाटलं त्याला मत्सरच म्हणतात. लोक म्हणतात, जन्माला न आलेल्या जिवाचा कोणी मत्सर करतं का? मी केला. त्याला नाक-डोळे नव्हते, तरी तो माझ्या ताटात जेवायला बसला होता.

त्या वेळी साच्यात कॉमोडस होता. मार्कसचा पोटचा मुलगा. आधी काका त्याच्याबद्दल तावातावाने बोलायचे. "एवढा शहाणा बाप, पण शेवटी माया आडवी आली. पोटचा म्हणून बसवला. आणि हा काय करतोय, तर सिंहाचं कातडं पांघरून आखाड्यात मारामाऱ्या!" आता कॉमोडसबद्दल ते बोलेनात. त्याच्या दाढीचे कुरळे केस मात्र कोरून कोरून सुंदर केले. इतका देखणा दुसरा एकही झाला नाही. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "काका, हाच ना तो, ज्याने बापाचं सगळं घालवलं?" ते म्हणाले, "लोकांनी लिहिलंय तसं. खरं काय कोणाला ठाऊक." आणि थोड्या वेळाने, ब्रश धुता धुता, माझ्याकडे न बघता, "डोळ्यांचं बघू गं पुढे. आता घरात मूल येतंय. त्याचा हात लागू दे आधी ब्रशला." मी म्हटलं, "बघा." माझी खोली बाळाला गेली. भिंतींना पिवळा रंग लागला आणि माझी कॉट बेसमेंटमध्ये बादशहांच्या शेजारी आली. उघड्या पांढऱ्या डोळ्यांची ती मुंडकी मला कधीच आवडली नव्हती. पेणच्या माणसाला डोळ्यांवाचून तोंड बघवत नाही. पण सॅलला फोटोतल्यासारखीच हवी होती.

काकूला माझ्यापेक्षा जास्त शिक्षण होतं पण मत्सर सारखाच होता. आता डाव तिच्या हातात आला होता. ती काकांना हाक मारायची आणि काका हातातलं टाकून वर जायचे. आवळा हवा, चिंच हवी, जर्सी सिटीच्या दुकानातून लोणच्याच्या बरण्या हव्यात. एका रविवारी काका गाडी धुवायला गेले होते. मी पोळ्या लाटत होते आणि ती टेबलाशी पाय वर घेऊन बसली होती. पाय सुजले होते.

"तुझ्या काकांनी तुला दत्तकांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या म्हणे," ती म्हणाली.

"सांगितल्या."

"नीरोची सांगितली?"

"नीरो वाईट होता एवढं माहीत आहे."

"तोही दत्तकच होता. ती गोष्ट बरी वगळली त्यांनी." काकूने पापडाचा तुकडा मोडला. "क्लॉडियसला स्वतःचा मुलगा होता, ब्रिटॅनिकस. तरी बायकोचा आधीचा मुलगा घरात घेतला. नीरो. म्हातारा गेल्यावर गादी नीरोला. मग एक दिवस सगळी जेवायला बसली. ब्रिटॅनिकसचं प्रत्येक पेय आधी नोकर चाखून बघायचा. नोकराने चाखलं, ठीक होतं, पण फार गरम होतं. म्हणून त्यात गार पाणी ओतलं. पाणी कोणी चाखलं नव्हतं."

"मग?"

"मग काय. पोरगं जागच्या जागी कोसळलं. आणि हा नीरो आपल्या जागेवर बसून..." तेवढ्यात काका आत आले, हात पुसत. काकू म्हणाली, "काही नाही, रोमच्या गप्पा." गोष्टीचं शेपूट राहिलं ते राहिलं. मीही विचारलं नाही. मला ती का सांगतेय ते कळलं होतं.

त्या दिवसापासून ती माझ्या हातचं जपून खायला लागली. आमटी वाढली की म्हणायची, "आधी तू घे." मी घ्यायची. मग ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि नंतर खायची. काका हे बघत होते आणि पेपर वाचत होते. पुढे डॉक्टरने सांगितलं की प्रेशर वाढलंय, मीठ बंद करा. काका मला म्हणाले, "हिच्या जेवणात मीठ घालायचं नाही." मी घातलं नाही. काकू कुरकुरायची, "डॉक्टर कमी कर म्हणाला, हिने बंदच केलं. अळणी खाऊ घालून मारणारे मला." आणि मंडळातल्या बायका मागच्या दाराने सांडगी मिरची, पापड, कैरीचं लोणचं आणून द्यायच्या. डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाच्या तोंडातून लाळ गळत राहते, असं लेलेवहिनी म्हणायच्या, आणि लेलेवहिनी एम.ए. होत्या. मी एकदा काकूच्या हातातून बरणी घेतली तर ती किंचाळली. काका खालून धावत आले आणि मला म्हणाले, "दे ती तिला. तू मध्ये पडू नकोस."

(पुढे माझंही लग्न झालं, मुलगा झाला. आता माझी सून म्हणते, त्या आजाराचा मिठाशी तेवढा संबंध नसतो. ती नर्स आहे. असेल. आम्हाला तेव्हा मीठच सांगितलं होतं.)

डोहाळजेवण सॅलच्या हॉलमध्ये ठरलं. त्या आधीच्या आठवड्यात काकू मला सरळ म्हणाली, "हे पार पडलं की तू पेणला जा. बाळंतपणाला माझी बहीण येतेय. घरात दोन दोन बायका नकोत." मी काकांना विचारलं. ते नीरोवर शेवटचा हात फिरवत होते. "ती म्हणतेय तसं बघू," म्हणाले. मी म्हटलं, "मला वडलांकडून मागून आणलंत. आता तुम्ही म्हणा, जा." ते म्हणाले नाहीत. राहा असंही म्हणाले नाहीत. खरं सांगते, त्या रात्री मला वाटलं होतं की हे मूल नसतं तर बरं झालं असतं. वाटणं आणि करणं यांत फरक आहे, तो मी तेव्हाही करत होते आणि आजही करते. त्याबद्दल मी कोणाची माफी मागितलेली नाही.

डोहाळजेवणाला सगळ्यांचा मठ्ठा एका मोठ्या पातेल्यात होता, आलं, मिरची, मीठ घालून. काकूचं ताक मी वेगळं केलं होतं, बिनमिठाचं, वेगळ्या भांड्यात. सकाळपासून तिचं डोकं दुखत होतं आणि डोळ्यांपुढे चमकतंय म्हणत होती, पण बायकांनी तिला फुलं माळून झोपाळ्याऐवजी हॉलच्या सोफ्यावर बसवलं, गाणी म्हटली, ओटी भरली. मग ती उठून बादशहांच्या रांगेपाशी आली आणि म्हणाली, घसा कोरडा पडलाय. मी तिला तिचं भांडं दिलं. तिने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि ते वाक्य बोलली.

अँब्युलन्समध्ये काका चढले. मला सॅलने त्याच्या गाडीतून नेलं. एकही बाई माझ्याबरोबर आली नाही. गाडीच्या आरशाला लाल शिंगाच्या आकाराचं काहीतरी लटकत होतं. दृष्ट लागू नये म्हणून, सॅल म्हणाला, त्याच्या आईने बांधलेलं. मग म्हणाला, "यू डिड गुड, किड. कुशीवर वळवलंस ते बरं केलंस." त्या दिवशी मला चांगलं म्हणणारा तो एकटा.

काकूला ऑपरेशनला घेतलं आणि काका बाहेर पार्किंगमध्ये येऊन उभे राहिले. मी गेले. ऊन रणरणत होतं आणि त्यांच्या सदऱ्यावर अजून हळदीकुंकू होतं.

"इंदू," ते म्हणाले, "खरं सांग. काय घातलंस?"

"काही नाही घातलं. मीठसुद्धा नाही."

"मग तू तसं का म्हणालीस?"

"कसं?"

"फिट आहे, दुसरं काही नाही, असं." त्यांचा आवाज फाटला. "ब्रिटॅनिकस पडला तेव्हा नीरो हेच म्हणाला होता. जागचा न हलता. लहानपणापासून फिट येते त्याला, होईल बरा, जेवा तुम्ही. तुला काकूने सांगितली ना ती गोष्ट?"

मला हसू आलं. तिथे हसणं बरोबर नव्हतं पण आलं. "काका, तुम्ही आत आलात म्हणून गोष्ट तिथेच राहिली," मी म्हटलं. "नीरो काय म्हणाला ते मला माहीत नाही. मला शेजारचा पांडू माहीत आहे. त्याला फिट यायची. आई त्याला कुशीवर करायची आणि लोकांना बाजूला व्हायला सांगायची. तुम्हीही पेणचेच. तुम्हाला पांडू आठवला नाही, नीरो आठवला."

ते एका गाडीच्या बॉनेटवर हात टेकायला गेले आणि चटका बसून मागे झाले. मी आत निघून गेले.

डॉक्टर बाहेर आला तो प्रेशरबद्दल बोलला. आधीपासून चढत होतं, त्यानेच फिट आली, ताकाचा काही प्रश्न नाही. ताकाचं त्याला कोणी सांगितलं कोण जाणे, पण त्याने स्वतःहून सांगितलं. मुलगी होती. दिवस भरायच्या कितीतरी आधी बाहेर काढली होती. तळहाताएवढी नाही, पण फार मोठीही नाही. ती काचेच्या पेटीत होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. मी काचेपाशी उभी राहिले. मला माया वगैरे दाटून आली नाही. मला वाटलं, ही आहे ती, जिच्यासाठी माझी खोली गेली. आणि ती पाय झाडत होती, म्हणजे हिचा इथून जायचा विचार दिसत नाही.

काकू शुद्धीवर आली ती दोन दिवसांनी. बहिणीला व्हिसा मिळाला नाही. मग घरात दोन दोन बायका चालल्या. मी मऊभात करून डब्यात न्यायची. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलं, चमचा उचलला, आणि मी आधी खावं म्हणून थांबली नाही. खाल्ला. "मीठ नाही," म्हणाली. "नाहीच," मी म्हटलं. ताकाबद्दल ती कधी बोलली नाही. माझ्यादेखत नाही, मंडळातल्या बायकांसमोर नाही. मीही काढलं नाही. पण लेलेवहिनी पुढे वर्षानुवर्षं माझ्या हातचं काही खाताना आधी वास घ्यायच्या, ते मी पाहिलेलं आहे.

गणपतीच्या आधी काका बेसमेंटमध्ये आले. मूर्ती रंगवून झाली होती, डोळे राहिले होते. वर बाळ रडत होतं, मीरा. तिला आदल्या आठवड्यात घरी आणलं होतं. काकांनी डबीतून बारीक ब्रश काढला आणि माझ्यासमोर धरला. "तू कर," म्हणाले. मी म्हणू शकले असते, तुमचं तुम्ही करा. गोष्टींतल्या बाया तसं म्हणतात. मी ब्रश घेतला. त्यासाठीच तर मी एवढं सगळं सोसलं होतं, सोडायला मी काही वेडी नव्हते. काका जिन्यावर बसले आणि मी डोळे काढले. पार्किंगमधली गोष्ट त्या ब्रशने पुसली जाणार नव्हती, हे आम्हा दोघांना माहीत होतं. मंडळातल्या बायका त्या वर्षी म्हणाल्या, गणपती रागावलेला दिसतो. दिसू दे. माझ्या हाताला त्या दिवशी तेच डोळे आले.

मीराला मी वाढवलं, कारण काकूला वर्षभर उठवत नव्हतं. तिला न्हाऊ घातलं, भरवलं, चालायला शिकवलं. पुढे ती शाळेत गेली. तिच्या दप्तरातलं पहिलं पुस्तक मी हातात घेऊन पाहिलं आणि मला पुन्हा तोच मत्सर आला. तो गेला असं मी लिहिणार नाही. ती आता दूर शुगर लँड नावाच्या गावात राहते, तेलाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, मला इंदूताई म्हणते आणि इंग्रजीत बोलते. तिला फोनवर ऐकताना अजूनही कधी कधी वाटतं, हिला सगळं न मागता मिळालं. ब्रश तिने कधीच हातात धरला नाही, एवढं मात्र माझं राहिलं.

काका मीरा आठ-नऊ वर्षांची असताना हार्टने गेले. सॅलने हॉल विकला. नव्या मालकाने बादशहा कचऱ्याच्या मोठ्या पेटीत घातले. नर्व्हा, ट्रेजन, हेड्रियन, तो देखणा कॉमोडस, सगळे फुटले. मी गेले तेव्हा नीरो वर होता, नाक उडालेला. तो मी उचलून आणला. तो माझ्या गॅरेजमध्ये आहे, त्याच्या डोक्यावर मी बागकामाची टोपी ठेवते. त्याला डोळे मी काढलेले नाहीत. त्याला नकोत.

काकूला आता ऐंशी उलटली. प्रेशरची गोळी घेते, मीठ बेताने खाते. महिन्यातून एकदा मी जाऊन तिची नखं कापते. त्या दिवशी सॅलच्या हॉलमध्ये आमच्यातल्या कोणाचं काही खरं नव्हतं. काकू जगली, मीरा जगली, मीही जगले.